प्लॉट आखण्याआधी आम्हाला विचारा

प्रति,
कोकणातील कृषी संशोधन केंद्रांचे प्रमुख, शास्त्रज्ञ मंडळी आणि संशोधनाचे विषय ठरवणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य यांस,

विषय : शेतावरच्या चाचण्या ठरवताना शेतकऱ्यांचे अनुभवाचे ज्ञान विचारात घेण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी अलिबाग तालुक्यातल्या खारपट्ट्यात, म्हणजे समुद्राचे पाणी बांधाने अडवलेल्या खाऱ्या जमिनीत, भात पिकवणारी शेतकरी आहे. येत्या पावसाळ्यात आमच्या खारात भाताच्या नव्या वाणांची चाचणी घ्यायचे ठरले आहे, असा कागद नुकताच गावात आला. कोणते वाण, किती गुंठ्यांवर, पेरणी कोणत्या तारखेला, खत किती आणि कधी, सगळे ठरलेले. शेतकऱ्याने जमीन द्यायची, मजुरी करायची आणि सांगितलेल्या दिवशी हजर राहायचे. हे ठरवण्याआधी गावातल्या एकाही माणसाला कोणी काही विचारलेले नाही.

चाचणीला माझा विरोध नाही. नवीन वाण आमच्याकडे यावेत, तपासले जावेत, असेच मला वाटते. पण आमच्या जमिनीवरचा प्रयोग आम्हाला वगळून ठरतो हे मला मान्य नाही. गावात याविषयी बोलणे झाले तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच होते, "आपले कोण ऐकणार?" म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे.

आधी त्या पेरणीच्या तारखेबद्दल. कागदावरची तारीख अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीची आहे. खारात राहणारे शाळकरी पोरही सांगेल की तेव्हा समुद्राला उधाण असते. अमावास्या-पौर्णिमेनंतर द्वितीया-तृतीयेपर्यंत भरती सर्वांत मोठी येते, बांधावर ताण येतो. त्याच वेळी पावसाने धरले की उघाडीची, म्हणजे बांधातून पाणी बाहेर सोडायच्या वाटेची, दारे बाहेरच्या पाण्याच्या दाबाने बंद राहतात आणि ओहोटी लागेपर्यंत आतले पाणी आतच तुंबते. आमच्याकडे बरेचसे भात रहू पद्धतीने होते, म्हणजे मोड आलेले बी चिखलावर फेकून. रहू टाकल्यावर पहिले काही दिवस शेतात पाणी चढले तर सगळे बी तरंगत एका कोपऱ्यात जमा होते किंवा कुजते. म्हणून आम्ही पंचांग बघून, उधाण उलटून भांगाची, म्हणजे लहान, भरती सुरू झाली की रहू टाकतो. यात श्रद्धेचा भाग काही नाही. चंद्र, भरती, पाऊस आणि उघाडी यांचा तो हिशोब आहे, आणि तो चुकला की वर्षाचे भात जाते. तुमच्या केंद्रात भरतीचे तक्ते नक्की मिळतील. पेरणीची तारीख ठरवताना ते कोणी उघडले होते का?

दुसरी गोष्ट मातीच्या नमुन्याची. चाचणीसाठी मातीचे नमुने मे महिन्यात नेले, तेही रस्त्यालगतच्या उंच शेतातून. खारजमिनीत उन्हाळ्यात खालचे खारे पाणी वर चढते आणि मीठ पृष्ठभागावर पांढरे फुलते. मृग-आर्द्राचा पाऊस नीट झाला की तेच मीठ धुऊन जाते. त्यामुळे मे महिन्यातला आकडा आणि बी रुजते त्या दिवसांतला आकडा यांचा मेळ बसत नाही. शिवाय रस्त्याकडचे शेत आणि बांधाकडचे खोलगट शेत यांच्या खारेपणात जमीन-अस्मानाचा फरक असतो. माझे सासरे शेतातले पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावत. खारे लागले तर म्हणत, "अजून दोन सरी जाऊ देत." बांधावर चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळे कुठे वाढली आहेत ते बघून पुढे खांड कुठे जाईल, म्हणजे बांध कुठे फुटेल, याचा अंदाज ते आधीच बांधत आणि तिथे चिखल भरून घेत. तुमच्याकडे क्षारता मोजायचे यंत्र आहे, ते आमच्या जिभेपेक्षा अचूक आहे, हे मी मनापासून मान्य करते. पण यंत्र कुठे आणि कधी बुडवायचे, हे आम्हाला विचारले असते तर आकडाही उपयोगाचा आला असता.

आता वाणांकडे येते, कारण माझी सर्वांत मोठी तक्रार तिथेच आहे. कागदावरच्या यादीत एकही गावठी वाण नाही. तुलनेलासुद्धा नाही. आमच्या कणग्यांत राता आहे. तांबड्या दाण्याचा, उंच वाढणारा, उत्पन्नाला बेताचा. तो एवढी वर्षे का टिकला, हे कोणी विचारतच नाही. बांधाला खांड जाऊन खारे पाणी शेतात शिरले आणि दोन-चार दिवस उभे राहिले, तरी राता पुन्हा डोके वर काढतो. पाणी मांडीपर्यंत आले तरी बुडत नाही, कारण उंच आहे. बुटके सुधारित वाण चांगल्या वर्षी रात्याच्या कितीतरी पुढे जातात, यात वाद नाही. वाईट वर्षी त्यांचे काडही हाती लागत नाही. आमच्याकडे दर थोड्या वर्षांनी एक वाईट वर्ष येतेच.

आणि उत्पन्न म्हणजे काय, हेही आपण एकदा बसून ठरवायला हवे. चाचणीच्या तक्त्यात हेक्टरी किती क्विंटल दाणा आला एवढाच रकाना असतो. आम्ही पेंढा मोजतो, कारण गुरे त्यावर जगतात. भाकरी मोजतो: पीठ मळताना तुटते की एकजीव होते, दुसऱ्या दिवशी भाकरी कडक होते की मऊ राहते. पेज प्यायल्यावर दुपारपर्यंत भूक धरते का, हे मोजतो. ज्यांच्या खाचराजवळ तळे आहे ते त्यातला जिताडा मासाही मोजतात. खारात शेतीचे उत्पन्न या सगळ्याचे मिळून होते. तुमच्या तक्त्यात पहिला आलेला वाण गावात दोन वर्षांत दिसेनासा होतो, तेव्हा शेतकरी हट्टी आहेत, जुने सोडत नाहीत, असा शेरा लिहिला जातो. त्या शेऱ्याआधी आमच्या स्वयंपाकघरात येऊन विचारले असते तर कारण समजले असते.

स्वयंपाकघरावरून आठवले. बियाण्याचे काम आमच्याकडे बायका करतात. उभ्या शेतात कोणती लोंबी बियाण्याला ठेवायची, कोणता भाग आधी झोडायचा, कणगीत राख आणि पाला किती घालायचा, हे सासूकडून सुनेकडे येते. रहू तयार करायचे कामही बहुतेक बायकांचेच. भिजवलेले भात पोत्यात घालून पेंढ्याखाली दाबून ठेवतात. मधूनमधून पोत्यात कोपरापर्यंत हात घालून ऊब बघतात, जास्त तापले तर पाणी शिंपडतात. मोड अगदी बारीक, नुकता पांढरा टोचा दिसेल एवढाच हवा. त्यापुढे गेला की मुळे एकमेकांत अडकतात आणि फेकताना मोड तुटतात. हे कळायला हाताला सवय लागते. पण चाचणीच्या बैठकीचे बोलावणे येते ते सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याला. तो बहुतेक वेळा पुरुष असतो, कधीकधी नोकरीसाठी मुंबईला असतो. ज्या हातांनी बी निवडले त्या हातांना बैठकीत जागा नाही. मी आजवर अशा बैठकांना गेले ते पाणी-चहा देण्यासाठी. हे मी रागाने लिहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

यापुढची तक्रार जास्त गंभीर आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेची माणसे गावात आली आणि घरोघरी फिरून राता आणि इतर गावठी भातांचे नमुने घेऊन गेली. आम्ही आनंदाने दिले. बियाण्याला आलेल्या माणसाला रिकाम्या हाती पाठवायची आमच्याकडे पद्धत नाही. पण पावती मिळाली नाही. नमुना कोणाच्या घरचा, कोणत्या खाचरातला, त्याचे काय करणार, हे कुठे लिहून घेतलेले आम्ही पाहिले नाही. पुढे काय झाले ते आजवर कळलेले नाही. त्या घरांपैकी एका घरी त्या वाणाचे बी नंतरच्या पुरात गेले. आज ते परत मागायचे तर कोणाकडे मागायचे, हेही त्यांना ठाऊक नाही.

या बियाण्याची किंमत काय असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. खारपट्ट्यासाठी सुरुवातीला जे निवड वाण निघाले, काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१०, ते याच गावठी रात्यांतून निवडलेले आहेत. केरळच्या किनाऱ्यावरचे शेतकरी पोक्काली भात पिढ्यान् पिढ्या पिकवत आले, आणि आज जगभर खारेपणा सोसणारे भाताचे वाण तयार करताना सॉल्टोल नावाचा जो जनुकीय भाग वापरतात तो त्याच पोक्कालीतून सापडला. पालघरकडच्या बहाडोलीचे जांभूळ तिथल्या लोकांनी जपले, त्यातूनच निवड होऊन 'कोकण बहाडोली' हा वाण आला. वाणाला गावाचे नाव लावता येते. मग ज्यांनी ते झाड किंवा ते बी सांभाळले त्यांचे नाव निदान नोंदवहीत लिहायला अडचण कसली?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तुम्हाला आठवत असतील. जेमतेम शाळा शिकलेल्या या माणसाने आपल्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे निवड केली आणि एचएमटी हा तांदूळ दिला. तो तांदूळ विदर्भातच नव्हे, बाहेरच्या राज्यांतही पोचला. २०१८ साली दादाजी गेले, आणि त्यांचे शेवटचे आजारपण हलाखीत गेले. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ सालचा आहे. शेतकऱ्याला स्वतःचा वाण स्वतःच्या नावे नोंदवता येतो, त्यासाठी शुल्क पडत नाही, हे त्या कायद्यात आहे. आमच्या गावात हे माहीत असलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजता येतील. ज्यांना माहीत आहे त्यांना अर्ज कसा भरायचा, वाणाचे गुणधर्म कसे लिहायचे हे येत नाही. हे काम शिकलेल्या माणसांचे आहे, तुमचे आहे.

शेतकऱ्याच्या डोक्यातून आलेले तंत्र चालते का, असा प्रश्न कोणी विचारू नये. रायगड जिल्ह्यातच नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी आपल्या शेतावर सगुणा राइस तंत्र उभे केले. नांगरट नाही, चिखलणी नाही, गादीवाफ्यावर टोकण, आणि कापणीनंतर भाताची मुळे जमिनीतच ठेवायची. चिखलणीशिवाय भात होईल यावर आधी कोणी विश्वास ठेवला असता? आज ते पाहायला लांबून शेतकरी येतात.

माझे माहेर रत्नागिरीकडचे, हापूसच्या बागेतले. तिथे वडील चौदा आणे तयार झालेलाच आंबा काढत. देठाजवळ खळगा पडला, खांदे वर आले, सालीची हिरवी चमक मंद झाली, की तो चौदा आणे. शंका आली तर पाण्यात टाकत. बुडला तर तयार, तरंगला तर अजून वेळ आहे. देठ ठेवून काढायचा, म्हणजे चिकाने डाग पडत नाही. तापलेल्या कातळावर आंबा ठेवू देत नसत, साका होतो, म्हणजे आतला गर खराब होतो, म्हणून. पक्व फळ पाण्यात का बुडते, हे पुढे शास्त्राने मोजून सांगितलेच. वडिलांना 'का' सांगता आले नसते, 'केव्हा' मात्र पक्के ठाऊक होते. संशोधनाला दोन्ही लागतात.

याच न्यायाने मी तुमच्या कामाचेही मोल जाणते. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये 'रत्ना' आला, १९९२ मध्ये अगदी पातळ कोयीचा 'सिंधू' आला, ते तुमच्यासारख्यांच्या चिकाटीने. खारपट्ट्यासाठी पनवेलच्या नावाने आलेले वाण आमच्यापैकी अनेकांनी लावले आणि चांगल्या वर्षी त्यांनी घर भरले. शेतकरी म्हणेल ते सगळे खरे, असे मी म्हणत नाही. तपासा. शंभर वेळा तपासा. आमचे एखादे म्हणणे चुकीचे निघाले तर तसे आम्हाला सांगा, आम्ही सोडून देऊ. पण तपासायचे म्हणजे आधी ऐकून घ्यावे लागते.

बांधाबद्दल थोडे लिहिते, कारण बांधावाचून खारातल्या कोणत्याही संशोधनाला अर्थ नाही. पूर्वी इथे जोळ असे. ज्याची जमीन बांधाच्या आत, त्याने जमिनीच्या प्रमाणात माणसे देऊन बांध राखायचा. पुढे बांध सरकारकडे गेले, १९७९ साली खारभूमी विकासाचा कायदा झाला, आणि जोळ हळूहळू मोडली. आता खांड गेली की अर्ज, मंजुरी, निविदा. तोवर शेतात तिवर, म्हणजे खारफुटी, उगवते, आणि एकदा तिवर वाढले की ते तोडता येत नाही, म्हणजे जमीन गेलीच. कोणत्या बांधाला कुठे, कोणत्या भरतीला, किती वेळा खांड गेली हे सांगू शकणारे म्हातारे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. समुद्राची पातळी वाढते आहे, वादळे वाढली आहेत, असे तुम्हीच सांगता. मग या माणसांच्या आठवणी नोंदवून घेणे हे संशोधन नाही का? दहा वर्षांनी विचारायला त्यांच्यातले कोणी उरणार नाही.

याच भागातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सलग वर्षे खोतांविरुद्ध संप केला, जमीन पड ठेवली, उपाशी राहिले पण हटले नाहीत. जमिनीवरचा हक्क अशा लोकांमुळे आमच्यापर्यंत आला आहे. तीच जमीन आज प्रयोगाला देताना आमचे म्हणणे ऐकून घ्या, एवढीच आमची अपेक्षा आहे.

माझ्या मागण्या अशा:

१. यंदाच्या चाचणीचा आराखडा आहे तसा राबवू नका. पेरणीची तारीख भरतीप्रमाणे, आणि कोणत्या शेतात प्लॉट घ्यायचा हे गावाबरोबर बसून पुन्हा ठरवा. एक प्लॉट बांधाकडच्या खोलगट शेतात हवाच.

२. प्रत्येक चाचणीत गावाने सुचवलेला निदान एक गावठी वाण तुलनेला ठेवा, आणि एका प्लॉटवर गावाच्या रीतीने पीक घेऊ द्या. नोंदी दोन्हीकडच्या सारख्याच काटेकोर ठेवा. पेंढा, भाकरी आणि खारे पाणी शिरल्यावर पीक किती टिकले, हे रकाने तक्त्यात घाला.

३. बैठकीला सातबाऱ्यावरच्या नावाबरोबर त्या घरातल्या शेती करणाऱ्या बाईलाही नावाने बोलावणे पाठवा. बैठक सकाळी घेऊ नका. त्या वेळी बायकांना बसायला सवड नसते.

४. बियाण्याचा नमुना नेला तर पावती द्या: देणाऱ्याचे नाव, गाव, तारीख, नेण्याचे कारण. त्यातले थोडे बी जपून ठेवा आणि ज्या घरातून नेले त्यांनी मागितले तर परत द्या. २००१ च्या कायद्याप्रमाणे गावठी वाणांची नोंदणी करायला प्रत्येक तालुक्यात एक माणूस नेमून मदत करा. पूर्वी नेलेल्या नमुन्यांचे काय झाले तेही आम्हाला कळवा.

५. चाचणीचा निकाल, फसला असला तरी, पुढच्या पेरणीआधी मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. चाचणीमुळे ज्याचे पीक बुडेल त्याला त्या वर्षाच्या भाताएवढी भरपाई द्या. ज्याच्या घरात वर्षाचे भात त्याच खाचरातून येते, त्याने धोका एकट्याने का घ्यावा?

६. गावात घालवलेले दिवस आणि शेतकऱ्यांबरोबर केलेल्या चाचण्या शास्त्रज्ञांच्या बढतीत धरा. इथे येणारे तरुण शास्त्रज्ञ मनाने चांगले असतात. पण त्यांची पारख छापलेल्या निबंधांवरूनच होणार असेल, तर उन्हातान्हात बांधावर बसून म्हाताऱ्यांचे ऐकायला त्यांना सवड कुठून मिळणार?

७. बांधांच्या आणि पुरांच्या आठवणी नोंदवून घेण्याचे काम येत्या उन्हाळ्यातच सुरू करा.

पहिली मागणी तातडीची आहे. पावसाआधी वेळ थोडा आहे आणि रोहिण्या लागल्या की आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. बैठकीची तारीख ग्रामपंचायतीत कळवा. देवळाच्या सभामंडपात बसायची सोय आम्ही करू, गावातले जुने जाणते शेतकरी आणि बियाणे राखणाऱ्या बायका हजर राहतील, आणि तुम्ही घरोघरचे बी पाहू शकाल. आराखडा न बदलता चाचणी सुरू झाली, तर मी माझे शेत त्यासाठी देणार नाही. तसे लेखी पत्र ग्रामपंचायतीत दिले आहे. आणखी काही घरांनीही दिले आहे.

उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
खारपट्ट्यातील एक भातशेतकरी
तालुका अलिबाग, जिल्हा रायगड